औषधाला पत्ता कोण सांगतो?

गेल्या पौष महिन्यांतील गोष्ट. वयोमानाप्रमाणें माझी पौरुषग्रंथि वाढली असून रात्रींतून चारपांच वेळां उठावें लागे. साठीनंतर ही तक्रार घरोघर असते, आणि पुरुषमंडळी संकोचानें ती घरांत बोलत नाहींत. म्हणून येथें ती उघड लिहिण्यांत मी कांहीं अनौचित्य मानीत नाहीं. आमचे डॉक्टर हे माझे जुने विद्यार्थी. त्यांनीं एक गोळी लिहून दिली व बजावलें, "गुरुजी, ही रात्रीं निजतांनाच घ्या. पहिले कांहीं दिवस अंथरुणांतून एकदम उठूं नका. आधीं बसा, पाय खालीं सोडा, मिनिटभर थांबा, मग उभे राहा." जन्मभर मुलांना "लक्ष द्या" म्हणून ओरडलेल्या मास्तरानें स्वतः मात्र लक्ष दिलें नाहीं. पहिल्याच रात्रीं जाग आली तसा मी ताडकन् उभा राहिलों. डोळ्यांपुढें काळोखी आली, आणि शुद्धीवर आलों तेव्हां उंबऱ्याशीं पडलेला होतों. कपाळाला तीन टांके पडले. दोष सर्वस्वीं माझा.

दुसरे दिवशीं आमचा धाकटा नातू कपाळाच्या पट्टीकडे पाहून म्हणाला, "आबा, गोळी लघवीची, मग चक्कर कां आली? आणि गोळी तर पोटांत गेली. तिला लघवीच्या जागेचा पत्ता कोण सांगतो?" मी निरुत्तर झालों. पस्तीस वर्षें शाळेंत शिकविलें, घरांत औषधांचा डबा रोज उघडला, पण हा साधा प्रश्न माझ्या मनांत कधीं आला नाहीं. तेव्हांपासून डॉक्टरांना विचारून, चार पुस्तकें चाळून जें उमगलें, तें या खेपेस वाचकांपुढें ठेवतों. आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांत एका डब्यांत चार पिढ्यांच्या गोळ्या नांदत असतात. त्यामुळें हा विषय नुसत्या जिज्ञासेचा नाहीं, जिवाचा आहे.

नातवाच्या प्रश्नाचें उत्तर असें: औषधाला पत्ता कोणीच सांगत नाहीं. गोळी पोटांत विरघळते, बहुधा लहान आंतड्यांतून रक्तांत शिरते, वाटेंत यकृतांतून जाते, आणि तेथून रक्ताबरोबर सर्वांगभर फिरते. डोकें दुखतें म्हणून घेतलेली गोळी पायाच्या अंगठ्यापर्यंतहि पोंचतेच. मग ती ठराविक ठिकाणींच काम कां करते? कारण शरीरांतील पेशींवर जणू बारीक बारीक कुलपें बसविलेलीं आहेत. शास्त्रज्ञ त्यांना ग्राही म्हणतात. शरीर स्वतःच किल्ल्या तयार करतें. भय वाटलें, राग आला, कीं ॲड्रिनॅलिन व नॉरॲड्रिनॅलिन नांवाच्या किल्ल्या सुटतात, त्या कुलपांत बसतात, आणि छाती धडधडते, हातपाय गार पडतात, घाम फुटतो. औषध हें बहुतेक वेळां या किल्लीची नक्कल असतें, किंवा कुलपांत अडकवून ठेवलेली मुकी काडी असते. नक्कल असेल तर कुलूप फिरतें. मुकी काडी असेल तर तें फिरत नाहीं, आणि खऱ्या किल्लीलाहि आंत शिरूं देत नाहीं. दम्याच्या फवाऱ्यांतील साल्ब्युटामॉल पहिल्या जातीचें. माझी गोळी दुसऱ्या जातीची.

आतां चक्कर कां, तें पाहा. ज्या कुलपाला ही गोळी अडविते, त्याचें नांव अल्फा-एक. तें पौरुषग्रंथीच्या व मूत्राशयाच्या मुखाशीं असलेल्या स्नायूंत आहे. तें अडलें म्हणजे स्नायु सैल पडून मूत्र मोकळें होतें. परंतु तेंच कुलूप रक्तवाहिन्यांच्या भिंतींतहि आहे. मनुष्य उभा राहतो तेव्हां रक्त पायांकडे ओढलें जातें. त्या क्षणीं शरीर पायांकडच्या वाहिन्या आंवळून रक्त वर, मेंदूकडे राखतें. माझ्या गोळीनें ती आंवळण्याची आज्ञाच दाबून टाकली होती. पहिल्या मात्रेला शरीर अनभ्यस्त असतें, म्हणून पहिल्या दिवसांत हा धोका विशेष. संस्कृताच्या विद्यार्थ्याला मी असें समजावीन: एकच प्रत्यय निरनिराळ्या धातूंना लागला म्हणजे निरनिराळीं रूपें होतात, तसें एकच औषध निरनिराळ्या अवयवांना लागून निरनिराळें फळ देतें. ज्या फळासाठीं आपण तें घेतों त्याला गुण म्हणतों, इतर फळांना दुष्परिणाम म्हणतों. औषधाच्या लेखीं हा भेद नाहींच.

येथवर वाचून कोणी म्हणेल, चक्कर आणणारें हें औषध काय कामाचें! त्यासाठीं मला आमच्याच जिल्ह्यांतील एका पुरुषाची हकीकत सांगितली पाहिजे.

मी सातआठ वर्षांचा असतांना आमच्या आजोळीं, भोकरदन तालुक्यांत, माझ्या मामेभावाला विंचू चावला. (तो मुलूख त्या वेळीं औरंगाबाद जिल्ह्यांत होता, जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं झाला.) आरंभीं त्यानें फार आक्रोश केला, नंतर आक्रोश थांबला, तेव्हां मोठ्यांना वाटलें, उतार पडला. मंत्र घालणारा आला, पाला बांधला. मुलाला ओकारी झाली, सर्वांगाला इतका घाम सुटला कीं सदरा पिळून काढावा, आणि हातपाय बर्फासारखे झाले. पहाटे त्याला धाप लागली, तोंडाला फेंस आला, आणि सूर्योदयापूर्वीं तो गेला. माझी मामी त्यानंतर कितीतरी वर्षें प्रत्येक अंथरूण झाडून झाडून घालीत असे. विंचवाच्या नांगीएवढ्या थेंबानें धडधाकट मूल कसें गेलें, हें कोणालाच कळलें नव्हतें.

पुढें हें कोडें ज्यांनीं उलगडलें, ते डॉ. हिंमतराव बावस्कर याच भोकरदन तालुक्यांतील देहेड गांवचे. नागपुरास वैद्यकाची पदवी घेऊन ते कोंकणांत, महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रांत नोकरीस गेले. कोंकणच्या तांबड्या विंचवानें मुलें व धट्टेकट्टे शेतकरी मरत होते, आणि विंचवाचें हें प्रकरण पाठ्यपुस्तकांत फारसें नव्हतें. बावस्कर रोग्याच्या उशाशीं रात्र रात्र बसले, नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी करीत राहिले. ओकारी, दरदरून घाम आणि थंडगार हातपाय हीं पुढच्या संकटाचीं पूर्वचिन्हें होत, हें त्यांचें निरीक्षण १९८२ सालीं विलायतेंतील 'लॅन्सेट' या मान्यवर वैद्यकीय साप्ताहिकांत प्रसिद्ध झालें. खेड्यांतल्या दवाखान्यांतून, प्रयोगशाळेवांचून, केवळ डोळे उघडे ठेवून हें काम झालें, याचा आम्हां जालनेकरांना अभिमान वाटल्यास नवल नाहीं.

विष काय करतें? मज्जातंतूंतून संदेश जातो तेव्हां त्यांचीं बारीक दारें क्षणभर उघडून मिटतात. विंचवाचें विष तीं दारें नीट मिटूं देत नाहीं. परिणामीं मज्जातंतु थांबतच नाहींत. भयाच्या वेळीं थोड्या सुटणाऱ्या त्या ॲड्रिनॅलिनच्या किल्ल्या एकदम पुरासारख्या लोटतात. अल्फा-एक कुलपें सर्वत्र फिरतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात. म्हणून हातपाय गार. हृदयाला त्या आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलावें लागतें. तें थकतें, रक्त मागें फुप्फुसांत तुंबतें, आणि फुप्फुसांत पाणी भरतें. माझ्या मामेभावाची धाप व फेंस तो हाच. मंत्रानें उतार पडला असें वाटलें, तेव्हां वादळ आंत वाढत होतें.

पूर्वीं डॉक्टरहि घाम व लाळ पाहून ॲट्रोपिन देत. घाम सुकत असे, रोगी बरा दिसूं लागे. पण हृदयाची धांव आणखी वाढे. दिसणारें लक्षण झांकणें आणि कारण दूर करणें यांतील अंतर दाखविणारें याहून बोलकें उदाहरण मला ठाऊक नाहीं. बावस्करांनीं विचार केला, कीं किल्ल्यांचा पूर आवरतां येत नसेल तर कुलपेंच अडवावीं. त्यासाठीं प्राझोसिन हें रक्तदाबाचें स्वस्त व साधें औषध त्यांनीं योजिलें. तें अल्फा-एक कुलपाला अडवितें. हातपाय उबदार होऊं लागले, श्वास सुटूं लागला. हा अनुभव १९८६ सालीं 'लॅन्सेट'मध्येंच प्रसिद्ध झाला. त्यांनीं दिलेल्या आकड्यांप्रमाणें गंभीर रोग्यांत पूर्वीं शेंकडा तीसच्या आसपास दगावत, तें प्रमाण या औषधानंतर शेंकडा चारांच्या आंत आलें. पुढें विंचवावरील प्रतिविषहि उपलब्ध झालें. तेव्हां त्यांनीं व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनीं महाडला सत्तर रोग्यांवर पडताळा घेतला. प्रतिविष व प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या पस्तिसांपैकीं बत्तीस जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसतें प्राझोसिन मिळालेल्या पस्तिसांपैकीं आठ. हा वृत्तांत २०११ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें आला. २०२२ सालीं सरकारनें हिंमतरावांना पद्मश्री दिली.

ज्या जातीच्या औषधानें मी उंबऱ्यावर आपटलों, त्याच जातीच्या औषधानें शेंकडों मुलें वांचलीं! चरकाचार्यांनीं तीक्ष्ण विषहि युक्तीनें योजिलें तर उत्तम औषध होतें व औषधहि अयोग्य रीतीनें वापरलें तर विष होतें, असा निर्वाळा दिला आहे. त्याचा अर्थ मला कपाळावरच्या टांक्यांनीं शिकविला.

याच किल्लीची आणखी एक गोष्ट महाराष्ट्रांतलीच आहे. सर्पगंधा ही वनस्पति आपल्या वैद्यांस जुनी परिचित. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं तिचा रक्तदाबावरील उपयोग रोग्यांवर तपासून १९४९ सालीं 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्यें लिहिला, तेव्हां जगाचें लक्ष तिच्याकडे वेधलें. १९५२ सालीं तिच्यांतून रेसर्पिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. प्राझोसिन कुलूप अडवितें. रेसर्पिन मज्जातंतूंच्या टोंकांशीं असलेला किल्ल्यांचा सांठाच रिकामा करतें. मात्र तें मेंदूंतलाहि सांठा रिकामा करीत असल्यामुळें कांहीं रोग्यांचें मन अत्यंत खिन्न होई. वनस्पतीचें औषध म्हणजे निरुपद्रवी, ही आपली भाबडी समजूत यावरून ढांसळते. पत्ता त्याला तरी कोण सांगणार?

आतां आपल्या डब्याकडे वळूं. औषध शरीरांत शिरतें तसें बाहेरहि पडतें. यकृत त्याचें रूपांतर करतें, मूत्रपिंडें तें बाहेर टाकतात. रक्तांतील औषध अर्धें होण्यास जो काळ लागतो, त्याला अर्धायु म्हणतात. सोळा आण्यांचे आठ, आठाचे चार, चाराचे दोन, असा हा हिशेब आहे. तापावरील पॅरासिटामॉलचें अर्धायु दोनतीन तास, म्हणून तें दिवसांतून पुन्हां घ्यावें लागतें. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनचें तीस ते पन्नास तास, म्हणून तें दिवसांतून एकदांच. आणि म्हणूनच एके दिवशीं विसरलें तर दुसरे दिवशीं दोन गोळ्या घेऊं नयेत. थायरॉईडच्या गोळीचें अर्धायु सुमारें आठवड्याचें. तिचा गुण आज सुरू केली कीं उद्यां दिसत नाहीं, सहा आठवडे तरी धीर धरावा लागतो. ती रिकाम्या पोटीं घ्यावयाची असते, आणि लोहाची वा चुन्याची गोळी तिच्याबरोबर घेतल्यास ती आंतड्यांतच अडकून राहते. आमच्या सूनबाई सकाळच्या घाईंत तिन्ही गोळ्या चहाबरोबर एकदम घेत. गोळी बदलली नाहीं, केवळ वेळा बदलल्या, आणि पुढच्या तपासणींत फरक पडला.

वयाबरोबर मूत्रपिंडांची शक्ति उतरते, त्यामुळें तरुणाला योग्य अशी मात्रा आजीला अधिक होऊं शकते. मुलांची मात्रा वजनावर ठरते. मोठ्याची गोळी अर्धी मोडून दिली म्हणजे मुलाची झाली, हा हिशेब खोटा आहे. सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेंच. ती एक, तापाची वेगळी, अंगदुखीची तिसरी, असें घेत गेल्यास नकळत मर्यादा ओलांडते. निरोगी प्रौढाला दिवसाकांठीं चार ग्रॅम ही कमाल, आणि कृश वृद्धांना व यकृताचा विकार असणारांना त्याहून कमी. तिच्यापलीकडे यकृताला तें द्रव्य निर्विष करतां येत नाहीं. ॲस्पिरिनची तऱ्हा निराळी. तें रक्त गोठविणाऱ्या बिंबिकांना कायमचें निकामी करतें. औषध कांहीं तासांत निघून गेलें तरी त्या बिंबिका बदलेपर्यंत, म्हणजे सातआठ दिवस, परिणाम राहतो. म्हणून दांत काढण्यापूर्वीं "मी ॲस्पिरिन घेतों" हें सांगावें. मात्र हृदयासाठीं दिलेली ती गोळी आपल्या मनानें बंदहि करूं नये. सांधेदुखीच्या इबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या रक्तदाबाच्या औषधाचा गुण कमी करूं शकतात व वृद्धांच्या मूत्रपिंडांवर ताण आणतात; त्या शेजारणीनें दिल्या म्हणून घेणें बरें नव्हे.

हें सर्व मी आज शहाणपणानें लिहीत आहें. पण माझ्या शहाणपणाची परीक्षा गेल्या वैशाखांतच झाली. आमच्या सालगड्याचा सात वर्षांचा मुलगा पऱ्हाट्यांच्या ढिगाशीं खेळतांना विंचवानें डसला. त्याला अंगणांत आणलें तेव्हां तो दोनदां ओकला होता, कपाळावर घामाचे थेंब होते, आणि त्याचा हात मीं हातांत घेतला तों तो गार लागला. मला मामेभावाचा हात आठवला. आमच्या घरांत ही हकीकत मींच चार वेळां सांगितलेली. सौभाग्यवती धांवत आंत गेली व माझ्या गोळ्यांची पट्टी घेऊन आली. "अहो, हें त्याच जातीचें औषध ना? द्या त्याला अर्धी."

वाचकहो, खरें सांगतों, माझा हात पुढें झाला होता. जवळचें ग्रामीण रुग्णालय चौदा किलोमीटर दूर, मुलगा डोळ्यांदेखत गार पडत चाललेला, आणि औषध हातांत. पण मग कपाळावरची खूण आठवली. साठी ओलांडलेल्या माझ्यासारख्या जाड्या मनुष्याला ज्या गोळीनें उताणें पाडलें, ती या अठरा-वीस किलोच्या पोराला किती द्यावी? एकाच जातीचीं औषधें सुद्धां सारखींच नसतात. कांहीं पौरुषग्रंथीवर अधिक काम करतात, वाहिन्यांवर कमी. ओकारी होत असलेल्या मुलाच्या पोटांत तें टिकेल काय? रक्तदाब कोणीं मोजला आहे? मीं म्हटलें, "अगं, औषध तेंच असलें तरी मात्रा आपल्यापाशीं नाहीं. तें ठेव आणि गाडी काढावयास सांग."

पाऊण तासांत आम्ही पोंचलों. तेथील तरुण डॉक्टरीण बाईंनीं मुलाचें वजन केलें, रक्तदाब पाहिला, त्या वजनाला नेमकी बसेल इतकी प्राझोसिनची मात्रा दिली, आणि त्याला निजवूनच ठेविलें. उठूं दिलें नाहीं. कां, तें मला आतां कोणी सांगावयास नको होतें. तीन तासांनीं मात्रा पुन्हां दिली. रात्रीं अकराच्या सुमारास सालगड्यानें मुलाचे पाय चांचपले आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "गुरुजी, पाय ऊन लागतायत." साठ वर्षांपूर्वीं आजोळच्या अंगणांत हें वाक्य ऐकण्यासाठीं माझ्या मामीनें काय दिलें नसतें!

म्हणून विंचू चावल्यास घट्ट आवळून बांधूं नये, चिरूं नये, मंत्रतंत्रांत व पाल्यांत वेळ दवडूं नये. वेदना कितीहि असो, ती एकटी सहसा जीव घेत नाहीं. पण ओकारी, घाम व गार हातपाय दिसतांच, आणि लहान मुलाच्या बाबतींत तीं दिसण्याचीहि वाट न पाहतां, थेट रुग्णालय गांठावें. उन्हाळ्यांत व पावसाच्या तोंडीं जोडे, अंथरुणें, सरपण झाडून घ्यावें. आणि औषधांच्या डब्यांत प्रत्येकाची गोळी त्याच्या नांवाच्या वेगळ्या कप्प्यांत, चिठ्ठीसह ठेवावी. आमच्या घरीं हें काम आतां नातवाकडे सोंपविलें आहे. त्यानें प्रत्येक कप्प्यावर नांव, वेळ व "जेवणापूर्वीं" कीं "जेवणानंतर" असें सुवाच्य अक्षरांत लिहिलें आहे. माझ्या कप्प्यावर मात्र एक ओळ अधिक आहे: "आबा, आधीं बसा." असो.